दोन हात अंतर ठेवता येत नाही अशा घरात

घास भरवताना दोन हात अंतर ठेवता येत नाही. अंघोळ घालताना, डायपर बदलताना, फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवताना, चाकाच्या खुर्चीतून उचलून पलंगावर निजवताना तर नाहीच नाही. मार्च २०२०पासून कोरोनाच्या साथीत फोनच्या कॉलर ट्यूनवर, टीव्हीवर, गावातल्या भोंग्यावर जे नियम दिवसभर ऐकू यायला लागले, ते स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या माणसांसाठी होते. आमच्या घरात तशी माणसं थोडी.

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर प्रौढ दिव्यांगांची निवासी संस्था आहे, तिथे मी अधीक्षिका आहे. चाळिसेक जण कायमचे राहतात. कोणी बौद्धिक दिव्यांग, कोणाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं), कोणी ऑटिस्टिक, कोणाला डाउन सिंड्रोम, काही बहुविकलांग. वयं अठरापासून साठीपर्यंत, तरी आमच्या तोंडी सगळी 'मुलं'च. शिवाय आजूबाजूच्या गावांतून जवळपास तितकेच जण रोज कार्यशाळेत यायचे. पणत्या रंगवायला, कागदी पिशव्या चिकटवायला, उटण्याची पाकिटं भरायला.

९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, त्यामुळे आमच्याकडे धास्ती लवकर पोहोचली. त्याच आठवड्यात कार्यशाळा थांबवली. मग निवासी मुलांच्या पालकांना एकेक करून फोन लावले. विचारायचं एकच होतं: घरी नेता का? नेलंत तर हे सगळं निवळेपर्यंत परत घेता येणार नाही, आणि ठेवलंत तर तोपर्यंत भेटता येणार नाही. काहींनी दोन दिवसांत नेलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आई म्हणाल्या, "बाई, मला उचलवत नाही हो तो आता. तुमच्याकडेच राहू दे." काही मुलांच्या बाबतीत फोन लावायला कोणी नव्हतंच.

संस्थेत नियमित येणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेली एक गोष्ट पुढची दोन वर्षं आम्हाला पुरली. ते म्हणाले, "अंतर तुम्हाला जमणार नाही, त्याच्या मागे लागू नका. एका मुलाला दिवसभरात किती जणांचे हात लागतात ते मोजा, आणि ते कमी करा." आम्ही खरंच मोजलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आमच्या एका मुलीला सकाळी उठवणारी मावशी वेगळी, अंघोळीला दोघी, नाश्त्याला आणखी कोणी, व्यायाम घेणारी ताई, औषधं देणारी सिस्टर, दुपारची पाळी, रात्रपाळी. दहाच्या घरात हात व्हायचे. ज्याला जे काम जमतं ते त्याने करायचं अशी आमची जुनी पद्धत. एरवी ती चांगलीच. साथीत मात्र एका मावशीला झालेला संसर्ग या पद्धतीमुळे दिवसभरात अख्ख्या घरात फिरला असता.

मग घराचे चार भाग केले. प्रत्येक भागात नऊ-दहा मुलं आणि त्यांचे ठरलेले काळजीवाहक. पूर्ण परावलंबी मुलांना दोनच माणसं, दिवसाची एक आणि रात्रीची एक. या भागाच्या मावशीने त्या भागाच्या मोरीतही जायचं नाही. ताटं वेगळी, बादल्या वेगळ्या, कपडे धुवायची वेळ वेगळी. जेवणघर एकच होतं, म्हणून चार पंगती. कागदावर हे दोन तासांत झालं. अंगवळणी पडायला बराच काळ गेला, कारण घरभर फिरण्याची सवय मुलांनाही होती आणि मावशांनाही.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न त्याहून मोठा. बहुतेक जणी जवळच्या खेड्यांतून एसटीने किंवा शेअर रिक्षाने येणाऱ्या. २४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन लागला, एसटी थांबली आणि गावांनी वेशीवर झाडांच्या फांद्या आडव्या टाकल्या. आम्ही दोन तुकड्या केल्या. एका तुकडीने दोन आठवडे संस्थेतच राहायचं, मग घरी. येणाऱ्या तुकडीची आधी तपासणी. आमच्यासारख्या संस्थांना लॉकडाऊनमधून सूट आहे हे केंद्राच्या आदेशात होतं. दिव्यांगांच्या काळजीवाहकांना सोप्या पद्धतीने पास द्यावेत असं दिव्यांगजन सशक्तीकरण विभागानेही मार्चअखेरीला कळवलं होतं. पण नाक्यावर भर उन्हात उभ्या असलेल्या शिपायापर्यंत तो कागद पोहोचलेला नसायचा. मी त्याच्या छापील प्रती काढल्या, खालच्या ओळीला पिवळं मार्कर लावलं आणि तहसील कार्यालयाच्या पाससोबत प्लास्टिकच्या पाकिटात घालून प्रत्येकीच्या गळ्यात अडकवल्या. त्यानंतर वाद कमी झाले.

एका मावशीला मात्र तिच्याच गावाने आत घेतलं नाही. "तू दवाखान्यात काम करतेस" असं म्हणून वेशीवरूनच परत पाठवलं. आमचा दवाखाना नाही हे कोणाला सांगणार? तिने पुढचे तीन महिने संस्थेतच काढले. तिची दहावीतली मुलगी फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे उभी राहून तिच्याशी बोलून जायची. त्या मुलीचा भूगोलाचा पेपर त्याच वर्षी रद्द झाला होता, त्यामुळे ती जूनपर्यंत गोंधळलेलीच होती. दोघींची बोलणी निम्मी त्यावरच चालायची. या बायकांचा पगार किती, हे इथे लिहायला मला संकोच वाटतो. देणगीदारांकडून खास भत्ता गोळा केला, तो पुरेसा नव्हता. जानेवारी २०२१मध्ये आरोग्यसेवकांना लस सुरू झाली, नंतर आघाडीच्या कर्मचाऱ्यांना. रोज दहा तास दुसऱ्याची लाळ, थुंकी, मलमूत्र साफ करणाऱ्या आमच्या मावशा यातल्या कुठल्याच यादीत बसल्या नाहीत. हे मला आजही सहन होत नाही.

आता मास्कचं. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही त्याला तो बांधायचा नाही, हा पहिला नियम. ज्यांची लाळ सतत गळते त्यांचा मास्क पाच मिनिटांत ओला होतो आणि श्वास कोंडतो, म्हणून त्यांनाही नाही. म्हणजे आमच्या निम्म्या मुलांना मास्क नव्हताच. सगळा भार काळजीवाहकांच्या मास्कवर. आणि त्यातून नवाच घोळ झाला. मुलांना मावशा ओळखू येईनात. डोक्याला टोपी, तोंडावर मास्क, वर पारदर्शक शील्ड, अंगात एप्रन. ऐकू न येणारा आमचा एक मुलगा ओठांकडे बघून समजून घ्यायचा, त्याला तर सगळेच मुके झाले. मग प्रत्येकीने आपला हसरा फोटो मोठा छापून एप्रनवर छातीशी लावला. सकाळी खोलीत शिरताना आधी दारात थांबायचं, फोटोवर बोट ठेवायचं, नाव सांगायचं, मग पुढे जायचं. त्या मुलाच्या भागातल्या दोघींसाठी ओठांपाशी पारदर्शक पट्टी असलेले मास्क शिवून घेतले.

ज्यांना मास्क शक्य होता त्यांना तो शिकवावा लागला. एका ऑटिस्टिक मुलाला चेहऱ्यावर कापड सहन होत नसे. त्याला सांभाळणाऱ्या ताईने आधी नुसता मास्क त्याच्या टेबलावर ठेवला. मग हातात, मग गालाला टेकवून लगेच बाजूला, मग त्याचं आवडतं गाणं एका ओळीपुरतं वाजेपर्यंत. कानामागची इलॅस्टिक त्याला टोचायची, म्हणून टोपीला बटणं शिवून त्यात अडकवली. दिवाळीपर्यंत तो अर्धा तास मास्क ठेवू लागला. सॅनिटायझर मात्र आम्ही मुलांच्या हाती दिलंच नाही. रंगीत बाटलीतलं काहीही पिऊन बघणारी मुलं आहेत आमच्याकडे. बाटल्या कुलपात, मुलांसाठी साबण आणि पाणी. सोडियम हायपोक्लोराइटने फरशी पुसायची तीही मुलं अंगणात असताना. त्या वासाने काही जण अस्वस्थ होऊन हात चावून घेत.

सगळ्यात अवघड होतं दुखणं ओळखणं. "घसा दुखतोय", "वास येत नाही" हे सांगणार कोण? सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्या मुलीला घास गिळायला त्रास होतो, ती प्रत्येक जेवणात खोकते. तिला भरवणं म्हणजे पाऊण तासाचं काम. पाठीला उश्या लावून तिला जवळजवळ ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घोटलेलं वरण आणि मऊ भात, चमचा अर्धाच भरायचा, जिभेच्या मध्यावर टेकवायचा, ती गिळेपर्यंत थांबायचं, गळ्याकडे बघायचं, मगच पुढचा. पूर्वी मावशी समोर बसायची. आता बाजूला बसून भरवू लागली, म्हणजे खोकल्याचा फवारा थेट तोंडावर येत नाही. पण जी रोज खोकते तिला 'खोकला आहे का' या प्रश्नाचं उत्तर काय लिहायचं?

म्हणून आम्ही प्रत्येकाची एक वही केली. त्यात आजार लिहायचा नाही, नेहमीचं काय ते लिहायचं. हिला जेवताना इतका खोकला असतोच. याची झोप पाच तासांचीच. हा सकाळी दूधवाल्याची वाट बघत फाटकाशी उभा असतो. हिचा ऑक्सिजन एरवीच ९५ दाखवतो. मग रोज फक्त फरक टिपायचा. ऑक्सिमीटरचंही एक तंत्र असतं. आवळलेल्या गार मुठीवर तो काहीच्या बाही आकडे दाखवतो. हात चोळून ऊब आणायची, मूठ सावकाश उघडायची, नेलपॉलिश असेल तर काढायचं, आणि आकडा स्थिरावेपर्यंत दम धरायचा. ९४च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन. पण बऱ्याच वेळा यंत्राच्या आधी वहीनेच सांगितलं. दूधवाल्याची वाट बघणारा मुलगा एक दिवस फाटकाशी गेला नाही. ताप त्याला दुसऱ्या दिवशी चढला.

फिटच्या गोळ्यांचा साठा दोन महिन्यांचा ठेवला, कारण ती गोळी एक दिवस चुकली तरी महागात पडते. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं मार्चअखेरीलाच आल्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ फोनवर तपासू लागले, ही मोठीच सोय झाली.

व्हिडिओ कॉलबद्दल लोक फार चांगलं बोलतात. आमचा अनुभव मिश्र आहे. काही मुलं दर रविवारी फोनची वाट बघत. एकाने मात्र आईला पडद्यावर बघितलं की फोन उलटा करून मागे आई शोधायची, आणि मग रात्रभर जागायचं. त्याच्या आईशी बोलून आम्ही पडदा बंद केला आणि नुसता आवाज ठेवला. त्याला ते मानवलं.

रोज येणाऱ्या मुलांचं काय झालं, हे मला जास्त लागतं. कार्यशाळा बंद ठेवणं सोपं होतं आणि त्याला सुरक्षित म्हणणंही सोपं होतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत दिवसभर कोंडलेला तिशीतला मुलगा भिंतीवर डोकं आपटू लागला, तर ते घर सुरक्षित कसं? फोनवर आया रडायच्या. जेवणाची शिस्त गेली, शी-शूची सवय मोडली, हात उगारायला लागला. आम्ही सामानाच्या पिशव्या करून घरोघरी पोचवल्या: कच्च्या पणत्या, रंग, ब्रश, आणि काम कोणत्या क्रमाने करायचं त्याची चित्रं. त्या दिवाळीत खप फारसा झाला नाही, तरी मानधन थांबवलं नाही. नंतर स्थानिक प्रशासनाला कळवून अंगणातल्या चिंचेखाली पाच-पाच जणांचे गट सुरू केले, पहिल्यांदा ज्यांच्या घरची परिस्थिती सगळ्यात बिकट त्यांचे. यावर आमच्या विश्वस्तांमध्ये मतभेद होते. माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं, आजही आहे: सगळ्यांना सारखं बंद ठेवणं म्हणजे सगळ्यांची सारखी काळजी घेणं नव्हे.

पहिली लाट आम्हाला चाटून गेली. दुसरीने गाठलं. एप्रिल २०२१मध्ये एका भागातल्या काळजीवाहकाला ताप आला आणि चार दिवसांत त्या भागातली सहा-सात मुलं पॉझिटिव्ह निघाली. बाकीच्या तीन भागांत संसर्ग गेला नाही. हात मोजल्याचा उपयोग तेव्हा कळला. मुलांना कोविड सेंटरला पाठवा असं आधी सांगण्यात आलं. तिथे त्यांना भरवणार कोण, हा प्रश्न विचारल्यावर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी संस्थेतच विलगीकरणाची परवानगी दिली आणि एका परिचारिकेला रोज पाठवलं. आधी बाधा होऊन बरे झालेले दोन कर्मचारी आपणहून आत राहिले. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एका पालकांनी मिळवून दिला. तेव्हा तो मिळणं म्हणजे काय होतं हे त्या महिन्यात धावाधाव केलेल्या कोणालाही सांगायला नको.

पन्नाशीच्या एका मुलाचा ऑक्सिजन रात्रीत घसरला. बेड मिळाला तो दूरच्या एका रुग्णालयात. सोबत कोणालाही आत सोडणार नाही, असा तिथला नियम. आम्ही त्याची माहिती एका पानावर लिहून पिशवीत दिली होती: दुखलं की तो कान ओढतो, पाणी पेल्याने नाही तर चमच्याने पितो, अनोळखी माणसाने तोंडाशी हात नेला की घाबरतो. पिशवी खाली सुरक्षारक्षकाकडेच राहिली. त्याने ऑक्सिजनचा मास्क पुन्हा पुन्हा ओढून काढला, मग त्याचे हात बांधले, असं नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. अठ्ठावीस वर्षं तो आमच्याकडे होता. एवढ्या वर्षांत एकही रात्र तो ओळखीच्या माणसाशिवाय झोपला नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्याकडे राहणाऱ्या, डाउन सिंड्रोम असलेल्या एका ताईला दाखल करायची वेळ आली. डाउन सिंड्रोम असलेल्यांना कोरोनाचा धोका कितीतरी जास्त असतो, हे इंग्लंडमधल्या अभ्यासातून २०२०मध्येच समोर आलं होतं, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. या वेळी मी पिशवीवर विसंबले नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण मिळावं असं सांगतं. ते कलम आणि आमच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन मी रुग्णालयाच्या दारात उभी राहिले. अर्ज एका ओळीचा: हिच्यासोबत पीपीई किट घालून आमचा माणूस राहील, त्याची जबाबदारी आमची. दुपारी परवानगी मिळाली. बरी झालेली एक मावशी आत गेली. तिने ताईच्या माहितीचं पान पारदर्शक पाकिटात घालून पलंगाच्या डोक्याशी चिकटपट्टीने लावलं आणि प्रत्येक पाळीच्या सिस्टरला वाचून दाखवलं. श्वास सुधारावा म्हणून ताईला पालथं झोपवायचं होतं. ती कोणाचंच ऐकेना. मावशी शेजारच्या स्टुलावर डोकं टेकवून स्वतः पालथी झाली, मग ताईही झाली. त्या मावशीला माहीत होतं की ताईला सांगून कळत नाही, करून दाखवलं की कळतं. ताई बरी होऊन घरी आली.

लसीचं एवढंच सांगते. १ मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांच्या यादीत बौद्धिक दिव्यांग आणि जास्त आधाराची गरज असलेले दिव्यांग होते, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊकच नव्हती. आम्ही डॉक्टरांच्या सह्यांचे दाखले करून मोठ्या वयाच्या मुलांना पहिल्याच महिन्यात लस दिली. तरुण मुलांची पाळी मेमध्ये आली आणि तुटवड्यामुळे राज्यात १८ ते ४४चं लसीकरण थांबलं. आई-वडील नसलेल्या काहींकडे कुठलंच ओळखपत्र नव्हतं. मे महिन्यातच केंद्राने अशांसाठी वेगळी कार्यपद्धती दिली, तिचा आधार घेतला. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्राचं पथक संस्थेत आलं. लस टोचायची जागा म्हणून आम्ही नेहमीची केस कापायची खुर्ची ठेवली आणि प्रत्येक भागात आधी मावशीने सगळ्यांसमोर दंड पुढे केला. जे तयार झाले नाहीत त्यांना धरलं नाही. पथक पुढच्या आठवड्यात पुन्हा आलं.

आता चार भाग उरले नाहीत, मुलं घरभर फिरतात. पण पूर्ण परावलंबी मुलांना दोनच माणसं ही पद्धत ठेवली आहे, कारण त्यांची झोप आणि खाणं तिच्यामुळे सुधारलं. वह्याही चालू आहेत. ते एक पान आम्ही दर जूनमध्ये नव्याने लिहितो, कारण सवयी बदलतात, औषधं बदलतात, मावशाही बदलतात. ज्याला कोणाला आपल्या घरच्या माणसासाठी असं पान करायचं असेल त्याने अर्धं पानच लिहावं, मोठ्या अक्षरात. दुखलं की काय करतो, कसं खातो-पितो, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, आणि सोबत राहणाऱ्याचा फोन. आजाराचं नाव शेवटी लिहिलं तरी चालतं, ते फाइलमध्ये असतंच. यंदा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकांसोबत बसून आम्ही या पानाचा नमुना ठरवला. त्यांनी दोन ओळी वाढवायला सांगितल्या: सुई टोचताना कोणता हात धरायचा, आणि कोणत्या नावाने हाक मारायची.